एकाला हसू, दुसऱ्याला कंटाळा: विनोदी व्हिज्युअल नॉव्हेलवरचे अभिप्राय कसे वाचायचे?

कुठल्याही विनोदी व्हिज्युअल नॉव्हेलवर, म्हणजे स्क्रीनवर वाचत वाचत खेळायच्या गोष्टीवर, खेळाडूंनी दिलेले अभिप्राय वाचायला घ्या. साधारण चार तऱ्हा दिसतात. एक जण सांगतो, हसून हसून गाल दुखले. दुसरा म्हणतो, हा गेमच नव्हे, नुसतं क्लिक करत बसायचं. तिसऱ्याला शेवटी रडू आलेलं असतं. आणि चौथा लिहितो, मी काहीच सांगणार नाही, स्वतः खेळून बघा. गेम मात्र सगळ्यांनी एकच विकत घेतलेला असतो.

आमच्याकडे बेळगाव भागात, वडगाव-शहापूरपासून खानापूर-निपाणीपर्यंत, ज्या घरात कॉलेजला जाणारं पोर आणि एखादा लॅपटॉप आहे तिथे, आईवडिलांना दुहेरी कोडं पडलेलं दिसतं. पोरगं स्क्रीनवर वाचत बसलेलं असतं आणि एकटंच खुदकन हसतं, मग ह्याला गेम का म्हणायचं? आणि तो विकत घेण्याआधी अभिप्राय वाचावेत, तर त्यांचा एकमेकांशी काही मेळच बसत नाही.

मला हा प्रकार मनापासून आवडतो, आणि त्याच्याविषयी नीट बोललं जात नाही याचं वाईट वाटतं. हे अभिप्राय जुळत नाहीत ते त्या गेमच्या घडणीमुळेच. प्रत्येक खेळाडू आपल्या वाटेला आलेल्या मजकुराबद्दल बोलत असतो, आणि तो मजकूर दुसऱ्याच्या वाट्याला आलेलाच असेल असं नाही. एवढं लक्षात ठेवलं की अभिप्राय वाचता येतात आणि चांगला अभिप्राय लिहिताही येतो.

आधी, हा प्रकार काय आहे

स्क्रीनवर मागे एक चित्र: घर, वर्ग, बसस्टँड. पुढे पात्राचं चित्र, ज्याचा चेहरा प्रसंगाप्रमाणे बदलतो. खाली एक चौकट, तिच्यात एकेक वाक्य येतं. क्लिक केलं की पुढचं वाक्य. अधूनमधून गोष्ट थांबते आणि दोन-तीन पर्याय समोर येतात. तुम्ही एक निवडता आणि गोष्ट त्या अंगाने पुढे जाते. याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. गोष्टीच्या ज्या फाट्याने तुम्ही गेलात त्याला खेळणारे ‘रूट’ म्हणतात. मी पुढे सरळ ‘वाट’ म्हणेन.

हा प्रकार जपानमधला. युजी होरी यांनी 1983 मध्ये काढलेला ‘पोर्टोपिया’ हा खुनाच्या तपासाचा गेम त्याचा पूर्वज मानला जातो. ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव 1996 च्या सुमारास लीफ या जपानी कंपनीने आपल्या गेमच्या मालिकेला दिलं, आणि ते रुळलं. 2001 मध्ये कॅपकॉमने एका धांदरट वकिलाचा गेम काढला. जगभर तो ‘एस अॅटर्नी’ म्हणून ओळखला जातो. खून, कोर्ट, उलटतपासणी सगळं त्यात आहे आणि तरीही तो पानोपानी हसवतो.

‘इंडी’ म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय, एकट्याने किंवा चार-पाच जणांनी मिळून केलेला गेम. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये इंडी गेम इतके का निघतात, याचं उत्तर एका साधनात आहे. टॉम रॉथमेल यांनी 2004 मध्ये ‘रेनपाय’ नावाचं सॉफ्टवेअर लोकांसाठी खुलं केलं. ते फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि त्यात गोष्ट लिहिणं हे जवळजवळ नाटकाची संहिता लिहिण्याइतकंच सरळ आहे: आधी पात्राचं नाव, मग त्याचं वाक्य. असे गेम लोक मुख्यतः स्टीम आणि इच डॉट आयओ या इंटरनेटवरच्या दुकानांतून घेतात. इचवर पुष्कळ गेम ‘हवे तेवढे द्या’ या तत्त्वावर असतात.

क्लिक म्हणजे टायमिंग

विनोदाचं गणित इथे इतर गेमपेक्षा वेगळं का असतं, हे समजायला गावजत्रेतलं नाटक आठवा. नाटकातला विनोदी नट वाक्य टाकतो, थांबतो, हशा उसळतो, ओसरू लागतो, आणि मग पुढचं वाक्य येतं. ते थांबणं त्याच्या हातात असतं. प्रेक्षक बेळगावचा आहे की चंदगडचा, दमलेला आहे की ताजातवाना, हे बघून तो क्षणभर जास्त थांबतो किंवा लवकर पुढे सरकतो.

व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये तो विराम खेळाडूच्या बोटात आलेला असतो. लेखकाने चौकटीत एक वाक्य ठेवलं, आणि त्याला कलाटणी देणारं वाक्य मुद्दाम पुढच्या चौकटीत ढकललं. दोन्हींच्या मधलं अंतर म्हणजे तुमचा क्लिक. अक्षरं एकामागून एक उमटतात. तुम्ही मध्येच क्लिक केलं तर सगळं वाक्य एकदम दिसतं. जो घाईघाईने क्लिक करत जातो त्याच्यासमोर नटाने सगळी वाक्यं एका दमात म्हटल्यासारखं होतं. विनोद होता, पण त्याला जागाच मिळाली नाही.

लेखक त्यावर उपाय करतात. रेनपायमध्ये वाक्याच्या मध्ये ‘इथे थांब’ अशी खूण टाकता येते. पात्राच्या भुवया आधी वर जातात आणि शब्द नंतर येतात. पार्श्वसंगीत अचानक बंद होतं. माझ्या मते सगळ्यात मोठं हसू याच ठिकाणी येतं, कारण संगीत थांबलं की बोटही आपोआप थांबतं. तरी शेवटी सत्ता खेळाडूचीच. म्हणून ‘विनोद पानचट’ असा अभिप्राय वाचला की मी आधी तो किती वेळ खेळला ते बघतो. स्टीमवर प्रत्येक अभिप्रायाशेजारी खेळलेले तास लिहिलेले असतात. सहा तासांचा मजकूर असलेला गेम कुणी पाऊण तास खेळून सोडला असेल, तर त्याचं मत खोटं ठरत नाही. पण ते सुरुवातीच्या भागाबद्दलचं आहे एवढं कळतं.

एक प्रसंग, तीन खेळाडू

हे प्रत्यक्ष कसं घडतं ते दाखवायला एक छोटा गेम रचून बघू.

तुम्ही खानापूर तालुक्यातल्या एका गावातून बेळगावला कॉलेजला निघालेला मुलगा आहात. खानापूर स्टँडवर बस लागली आहे. शेजारच्या सीटवर एक आजोबा येऊन बसतात आणि विचारतात, “कुणाचा रे तू?” तुमच्यासमोर तीन पर्याय येतात.

खरं नाव-गाव सांगा.
“मामाकडं चाललोय” म्हणून विषय संपवा.
ऐकू न आल्याचं सोंग करा.

पहिला पर्याय निवडला तर आजोबा तुमच्या आजोबांना ओळखत असतात. गूळ, ऊस, जुनी भांडणं यांवर गप्पा होतात आणि प्रवास छान होतो. दुसरा निवडला तर ते मामाचं नाव विचारतात, मग गल्ली, मग मामीचं माहेर; तुम्ही थापांवर थापा रचत जाता. तिसरा निवडला तर आजोबा हळहळतात आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात कंडक्टरला सांगतात, “पोराला ऐकू येत नाही हो, बेळगाव आलं की हात लावून उठवा की!”

इथवर तिन्ही वाटा ठीक. गेम इथे मनात एक नोंद करून ठेवतो: आजोबांचा समज काय झाला. प्रोग्रामिंगमध्ये अशा नोंदीला ‘व्हेरिएबल’ म्हणतात. तो आठवणीचा एक कप्पा असतो आणि पुढे केव्हाही उघडता येतो.

दोन प्रसंग पुढे तुम्ही टिळकवाडीत भाड्याची खोली बघायला जाता. दार उघडतात तेच आजोबा.

पहिल्या वाटेने आलेल्याला चहा मिळतो, भाडंही वाजवी सांगितलं जातं. प्रसंग गोड आहे, थोडा लांबतो. दुसऱ्या वाटेने आलेल्याचा घाम निघतो, कारण ज्या गल्लीत मामा राहतो म्हणून सांगितलं होतं ती नेमकी हीच. तिसऱ्या वाटेने आलेला मात्र कचाट्यात सापडतो. आजोबा हातवारे करून भाडं सांगतात, पाच बोटं. आतून आजी विचारतात, “इतकं कसं हो? आधीच्या पोराला चार सांगितलेलं की.” आजोबा तुमच्यासमोरच मोठ्याने उत्तर देतात, “ह्याला काय कळतंय? चारला पण देऊ शेवटी, आधी पाच म्हणून बघू.” तुम्हाला सगळं ऐकू आलेलं आहे आणि ते दाखवण्याची सोय नाही. पुन्हा पर्याय येतात: पाच मान्य करा, चार बोटं दाखवा, किंवा “आजी, चहा छान झालाय” असं चटकन बोलून जा.

आता या तिघांचे अभिप्राय डोळ्यांसमोर आणा. एक लिहील, “खोलीचा प्रसंग लांबला, पण माणसं प्रेमळ आहेत.” दुसरा लिहील, “ताण चांगला आहे, विनोद बेताचा.” तिसरा लिहील, “खोलीच्या प्रसंगात पोट दुखेपर्यंत हसलो.” तिघेही अगदी खरं बोलत आहेत. ‘तो प्रसंग विनोदी आहे की नाही’ हा प्रश्नच इथे अर्धवट आहे, कारण हशाचं बी बसमध्ये पेरलं गेलं होतं आणि ते ज्याने पेरलं त्याच्याकडेच उगवलं.

म्हणून मुरलेले खेळाडू पहिल्यांदा सरळ उत्तरं देत खेळतात आणि नंतर मागे येऊन मुद्दाम वेडगळ पर्याय निवडतात. रेनपायच्या गेममध्ये माऊसचं चाक मागे फिरवलं की गोष्ट एकेक वाक्य मागे जाते, आणि आधी वाचलेला मजकूर भरकन ओलांडण्याची सोयही असते. या दोन सोयी विनोदी गेमसाठी फार मोलाच्या आहेत. वेडा पर्याय निवडण्याची भीती त्यांच्यामुळे जाते.

“माझ्या निवडीला किंमतच नाही”

ही तक्रार हमखास सापडते. मी पर्याय निवडला, दोन वाक्यं वेगळी आली आणि गोष्ट पुन्हा त्याच रस्त्याला लागली, असं खेळाडू लिहितो. त्याला फसवल्यासारखं वाटतं.

यामागचा हिशोब सोपा आहे. गेममध्ये प्रत्येकी दोन पर्यायांच्या दहा जागा आहेत आणि कुठलीच वाट परत दुसरीला मिळत नाही असं धरू. दोनाचे चार, चाराचे आठ, असं करत दहाव्या जागेला 1,024 वाटा होतात. प्रत्येक शेवट फक्त 500 शब्दांचा धरला तरी नुसते शेवटच पाच लाख शब्दांच्या वर जातात, आणि त्यातले बहुतेक कुणीच वाचणार नाही. एकटा माणूस हे लिहू शकत नाही. म्हणून वाटा फुटतात, थोडं अंतर वेगळ्या चालतात आणि पुन्हा एकत्र येतात. फक्त आठवणीचे कप्पे पुढे सोबत नेले जातात.

विनोदी गेमला हे चालतं. रहस्यकथेत निवडीने शेवट बदलावा अशी अपेक्षा रास्त आहे. विनोदात निवडीचं बक्षीस म्हणजे तिथल्या तिथे मिळणारं वेडंवाकडं उत्तर. “मामाकडं चाललोय” म्हटल्यावर मामीचं माहेर विचारलं गेलं, हेच त्या निवडीचं फळ. पण तक्रार सगळीच चुकीची असते असंही नाही. तीनही पर्यायांना पात्राने शब्दन्‌शब्द तेच उत्तर दिलं, तर तो लेखकाचा आळस आहे आणि खेळाडूने तो सांगायलाच हवा.

कबुतरांचा गेम

खेळाडूंच्या प्रतिक्रिया वेळेप्रमाणे कशा पालटतात याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे ‘हातोफुल बॉयफ्रेंड’. हातो मोआ या टोपणनावाने चित्रकथा करणाऱ्या जपानी कलाकाराने 2011 मध्ये तो केला. सुरुवात 1 एप्रिलच्या गमतीतून झाली. कल्पना अशी: पक्ष्यांच्या शाळेत शिकणारी तुम्ही एकुलती एक मानवी मुलगी, आणि वर्गातल्या कुठल्या पक्ष्याशी जवळीक करायची हे तुम्ही ठरवायचं. पात्रांच्या जागी खऱ्या पक्ष्यांचे, बहुतेक कबुतरांचे, फोटो. एक कबूतर गंभीर चेहऱ्याने, म्हणजे कबुतराच्या नेहमीच्याच चेहऱ्याने, शाळेतल्या शिस्तीबद्दल बोलतं.

पहिल्या तासाच्या प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणेच असतात: हे काय वेड, मित्रांना दाखवायला घेतलं, हसलो. पण एकेक शेवट गाठत गेलं की एक मोठी नवी वाट उघडते, आणि तिथे त्याच शाळेची, त्याच पक्ष्यांची काळीकुट्ट रहस्यकथा समोर येते. आधी वेडगळ वाटलेल्या गोष्टींना कारणं मिळतात. त्या वाटेतून गेलेल्या खेळाडूचा अभिप्राय पहिल्याशी जुळणार कसा? तो लिहितो, कबुतरासाठी रडेन असं वाटलं नव्हतं. ज्याने एकच शेवट बघितला त्याला हे वाक्य थट्टा वाटतं. 2014 मध्ये मीडियाटॉनिक या ब्रिटिश कंपनीने हा गेम नव्याने सजवून काढला आणि तो जगभर पोचला.

‘काही सांगत नाही, खेळा’ हा अभिप्राय याच जातीच्या गेममुळे इतका दिसतो. गोष्ट आधी फोडली तर पुढच्याचा आनंद जातो, म्हणून लोक तोंड मिटून शिफारस करतात. वाचणाऱ्याला त्यातून कळत काहीच नाही, पण त्यामागे पुढच्याबद्दलची आपुलकी असते.

टक्के म्हणजे मार्क नव्हेत

आता आकड्यांकडे. आपल्याकडे 90 टक्के म्हटलं की दहावीचा निकाल डोळ्यांपुढे येतो. स्टीमवरचा 90 टक्के तसा नाही. तिथे खेळाडू दहापैकी मार्क देत नाही. तो अंगठा वर करतो किंवा खाली, म्हणजे शिफारस करतो किंवा करत नाही. 90 टक्के याचा अर्थ शंभरातल्या नव्वद जणांनी अंगठा वर केला. त्या नव्वदांना गेम अफाट आवडला की बरा वाटला, हे त्या आकड्यात नाही.

विनोदाच्या बाबतीत हा फरक मोठा ठरतो. सगळ्यांना थोडंथोडं हसवणारा बेताचा गेम 95 टक्के मिळवू शकतो. अर्ध्या लोकांना खुर्चीवरून पाडणारा आणि उरलेल्या अर्ध्यांना अजिबात न भावणारा गेम 55 टक्क्यांवर अडकतो आणि त्याला ‘मिश्र’ असा शिक्का बसतो. 40 ते 69 टक्क्यांच्या पट्ट्यात हा शिक्का येतो. विनोदी गेमवर ‘मिश्र’ दिसलं तर मी तो लगेच सोडून देत नाही. दोन्ही बाजूंचे दोन-दोन लांब अभिप्राय वाचतो. नावडलेल्या लोकांनी ज्या गोष्टीला नावं ठेवली असतात, कधी कधी नेमकी तीच मला हवी असते.

आणखी एक गोष्ट. स्टीमवर अभिप्रायांनाही ‘उपयोगी’ किंवा ‘गमतीशीर’ असं मत देता येतं. त्यामुळे विनोदी गेमखाली लोक स्वतःच विनोद करू लागतात आणि एका ओळीचे चुटके वर चढतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये स्टीमने क्रम लावण्याची पद्धत बदलली, जेणेकरून एका शब्दाचे, नुसत्या थट्टेचे अभिप्राय मागे राहतील आणि काही सांगणारे पुढे येतील. वर्षभराने, 2025 च्या ऑगस्टमध्ये, ज्या गेमवर भरपूर अभिप्राय आहेत त्यांचा निकाल भाषेनुसार वेगळा दाखवायलाही सुरुवात झाली. मारधाडीच्या गेमला याने किती फरक पडेल कोण जाणे, पण शब्दांवर जगणाऱ्या गेमसाठी मला हे योग्य वाटतं. मूळ भाषेत वाचणाऱ्याला आलेलं हसू आणि घाईत केलेल्या भाषांतरातून वाचणाऱ्याचा वैताग एकाच सरासरीत घालणं कुणालाच न्याय देत नाही.

“आवडला म्हणता, मग पैसे का परत घेतले?”

स्टीमचा नियम असा: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर पैसे परत मागता येतात. ग्राहकासाठी नियम उत्तम आहे. छोट्या व्हिज्युअल नॉव्हेलची मात्र त्यात अडचण होते, कारण कित्येक गेमची एक वाट दीड तासात वाचून संपते. गोष्ट पूर्ण वाचायची, हसायचं आणि पैसे परत घ्यायचे, हे नियमात बसतं. पण चार जणांनी वर्षभर रात्री जागून केलेल्या गेमच्या बाबतीत ते बरोबर नाही, असं मला ठामपणे वाटतं. गेम बिघडलेला असेल, सुरूच होत नसेल, वर्णनात लिहिलेलं आत नसेल, तर पैसे जरूर परत घ्यावेत.

“व्हिडिओवर बघितलं, मग खेळायचं कशाला?”

दुसरा कुणी खेळतोय, मोठ्याने वाचतोय, हसतोय, असे व्हिडिओ या गेमचे भरपूर निघतात. ते बघताना हसू लवकर येतं, कारण सोबत कुणीतरी हसत असतं. 2018 मध्ये आलेला ‘मॉन्स्टर प्रॉम’ तर एकाच वेळी चौघांनी मिळून खेळता येतो, आणि त्याची मजा सोबतीतच आहे.

पण व्हिडिओ बघणारा दुसऱ्याच्या वाटेने जातो. खानापूरच्या बसमध्ये सोंग करायचं त्याने ठरवलेलं नसतं, म्हणून टिळकवाडीत पकडलं जाण्याची धाकधूक त्याला होत नाही. तो लेखकाच्या विनोदाबरोबर खेळाडूच्या अभिनयालाही हसत असतो. असा प्रेक्षक जेव्हा गेमबद्दल मत देतो तेव्हा त्यात दोन माणसांचं काम मिसळलेलं असतं. व्हिडिओत धमाल वाटलेला गेम एकट्याने खेळताना थंड वाटला, ही तक्रार बहुतेकदा इथून येते.

घरच्यांच्या शंका

गेमवर बंदी आली ना, असं काही पालक विचारतात. संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये जो कायदा संमत केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमविरुद्ध आहे. एकदा किंमत देऊन घेतलेली, कुठलीही बोली न लावता वाचायची गोष्ट त्यात येत नाही.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची आहे: विनोदी आणि गोंडस चित्रांचा गेम लहानांना द्यावा का? चित्रांवरून ठरवू नका. 2017 च्या सप्टेंबरमध्ये आलेला ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ हा फुकट इंडी गेम शाळेतल्या साहित्य मंडळाच्या हलक्याफुलक्या गमतीने सुरू होतो. पुढे तो भयकथेत शिरतो, आणि त्यात आत्महत्येचे, मानसिक यातनांचे प्रसंग आहेत. तो लहान मुलांसाठी नाही, अशी सूचना गेम सुरुवातीलाच देतो. तीन महिन्यांत दहा लाखांहून जास्त वेळा उतरवून घेतला गेलेला हा गेम नावावरून आणि मुखपृष्ठावरून कुणालाही निरुपद्रवी वाटेल. घरात शाळकरी मूल असेल तर दुकानाच्या पानावरची वयाची सूचना आधी वाचा आणि अंगठे खाली असलेले दोन-तीन अभिप्रायही वाचा. नाराज माणूस धोक्याची गोष्ट बहुतेक वेळा स्पष्ट लिहितो.

हे मराठीत, आपल्याकडे

कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी या बेळगावच्या आसपासच्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. गावचे लोक ती भरवतात आणि शेतातलं काम आटोपून ऐकायला बसतात. अशा भागात संवाद लिहू शकणारी पोरं आहेत, चित्र काढणारी आहेत, आणि इंजिनिअरिंगला जाऊन प्रोग्रामिंग शिकणारीही आहेत. तिघं एकत्र आली तर व्हिज्युअल नॉव्हेल होतो. मला हे अगदी हाताशी आलेलं दिसतं.

पूर्वी एक खरी अडचण होती. रेनपायमध्ये मराठी मजकूर टाकला की जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या भलत्याच जागी जायच्या. 2023 मध्ये आलेल्या 8.1 आवृत्तीपासून अक्षरं जुळवण्याची नवी यंत्रणा त्यात बसवली गेली आणि देवनागरी नीट दिसू लागली. तरी एक गोष्ट हाताने करावी लागते. रेनपायसोबत येणाऱ्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून चौकटीत नुसते डबे दिसतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी असा खुला फॉन्ट गेमच्या फोल्डरमध्ये टाकायचा आणि सेटिंगमध्ये त्याचं नाव द्यायचं, की काम होतं.

गेमचा पहिला भाग तयार झाला की तो आधी ओळखीच्या पाच-सहा जणांना द्या, पण सगळे एकाच गल्लीतले नकोत. निपाणीचा एक, खानापूरचा एक, कोल्हापूर-पुण्याकडचा एक असा. आपली ‘की’ लावून बोलायची सवय बेळगावकराला जाणवणारही नाही. पुण्याच्या खेळाडूला तीच मजेदार वाटेल, किंवा कळणारच नाही. दोन्ही गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. खेळणाऱ्याच्या शेजारी गप्प बसा. कुठला पर्याय, कशासाठी आहे, काही समजावू नका. बोट कुठे थांबतं आणि कुठे भराभर चालतं ते कागदावर लिहून ठेवा. ‘छान आहे’ हे सौजन्याचं उत्तर कुणीही देतं, पण बोट सौजन्य पाळत नाही.

आणि तुम्ही नुसते खेळाडू असाल, तर अभिप्रायात चार गोष्टी आल्या की करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो: किती वेळ खेळलात, कुठले महत्त्वाचे पर्याय निवडलेत, नेमकं कुठल्या प्रसंगात हसलात, आणि कुठे सोडून द्यावंसं वाटलं. “मी सोंग करणारा पर्याय घेतला. खोलीच्या प्रसंगात आजी बोलल्या तिथे जोरात हसलो. त्यानंतरचा कॉलेजचा प्रसंग मला ओढलेला वाटला, कारण आजोबांची गोष्ट तिथे पूर्ण सुटून जाते.” एवढ्या तीन वाक्यांवर लेखक दुसऱ्या दिवशी कामाला बसू शकतो. दुसऱ्या वाटेने गेलेल्या खेळाडूलाही कळतं, की मागे येऊन बसमधला तिसरा पर्याय एकदा घेऊन बघायला हवा.